मागचं चाक

सर, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याविरुद्ध कुणाला चकार शब्द बोलू दिला नाही. काल कलघटगीच्या रस्त्यावर तुमच्या स्मरणार्थ सायकल शर्यत झाली. पाहुण्या म्हणून मी होते, आणि विजापूरची ती, तुमची दुसरी शिष्या. मंडपामागे चहा घेताना ती सहज म्हणाली, "अक्का, बेलूरची शर्यत आठवते? सरांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, पंक्चर झालं तर घाबरू नको, अक्काचं मागचं चाक तुझ्या सायकलला बसतं, मी लावून बघितलंय." तिला वाटलं, मलाही माहीत असणार.

मला काय माहीत होतं, सांगू? शर्यतीच्या आठवडाभर आधी तुम्ही मला धारवाडला घरी बोलावलंत. तुमच्या पत्नी, आमच्या बाई, स्वयंपाकघरात भाकरी थापतायत, तुम्ही कोपऱ्यातून नवीन मागचं चाक काढून माझ्या हातात देता. हलकं, चकचकीत. "तुझ्यासाठी मागवलं," म्हणता. अळणावरकडच्या खेड्यातली मी, वडील दुसऱ्यांच्या शेतावर राबणारे. आमच्या घरात माझ्यासाठी म्हणून मागवलेलं ते पहिलंच काही. मी ते बसमधून मांडीवर घेऊन गेले.

राष्ट्रीय शिबिरासाठी त्या शर्यतीतून एकीचीच निवड होणार होती. शेवटचे बारा किलोमीटर उरले तेव्हा पुढे आम्ही दोघीच होतो. चढावर ती धापा टाकत होती आणि माझे पाय, देवाशपथ, नुकती सुरुवात केल्यासारखे चालत होते. तेवढ्यात तिचं मागचं चाक पंक्चर होऊन बसलं. मी पुढे निघाले. पन्नास पावलंही गेले नसेन, तुम्ही मोटरसायकल आडवी घातलीत. "इळी, इळी! खाली उतर! चाक दे तिला!" मी म्हटलं, "सर, मी जिंकतेय." तुम्ही म्हणालात, "संघ मोठा की तू?" आणि माझ्या सायकलचं तेच नवं चाक तुम्ही स्वतःच्या हातांनी काढलंत. ती गेली. बेलूरच्या कारखान्यांचे ट्रक अंगावर धूळ उडवत जात होते आणि मी रस्त्याच्या कडेला तिचं बसलेलं चाक धरून उभी.

संघ! मी शर्यतीत होतेच कुठे, सर? मी तुमची स्टेपनी होते. ती शिबिराला गेली, परदेशात खेळली. मला रेल्वेच्या संघात घेतलं ते इतरांना पाण्याच्या बाटल्या पोचवायला आणि त्यांच्यापुढे राहून वारा अडवायला. अकरा वर्षं तेच केलं, आणि मनाची समजूत घातली की त्या दिवशी वेळच तशी आली, सरांचा नाइलाज झाला. नाइलाज नव्हता. तुम्ही आधीच माप घेतलं होतं. ती जास्त चांगली वाटत होती तर तोंडावर सांगायचं होतं. मी रडले असते, भांडले असते, पण शर्यत माझी मी हरले असते. वर ते चाक भेट म्हणून दिलंत, हे तर मला सहनच होत नाही.

हे पत्र कुठे टाकू? बाई अजून त्याच घरात आहेत, त्यांना दिसायला नको. कपाटात ठेवीन.

एक मात्र लिहायलाच हवं. चहा झाल्यावर लगेच मला माइकवर बोलावलं. सगळं ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "सर नसते तर मी कुणीच नसते." टाळ्या पडल्या, आणि सर, मला त्या आवडल्या.