मामंजींची बंदूक

अहो,

वत्सूला घेऊन मोताळ्याला बाबांकडे जाते आहे.

दसऱ्याला ‘रिकाम्या हत्याराले कोनी हळदकुंकू लावते का बाई?’ म्हणत सासूबाईंनी कैलासवासी मामंजींची बंदूक तुमच्याकडून भरून घेतली. पूजेनंतर एक काडतूस काढून तुम्ही म्हणालात, ‘झाली रिकामी.’ आज आपली पोर बंदुकीच्या चापाशी खेळताना सापडली. मी काडतुसं काढायचा दांडा मागेपुढे ओढत गेले, तर आतून आणखी तीन पडली. सासूबाई रागावल्या त्या वत्सूवर, बंदुकीचं कुंकू पुसलं म्हणून.

काडतुसं कपाटात आहेत, किल्ली मी नेते आहे. नळी पुसून तेल लावा आणि बंदूक पेटीत कुलपात ठेवा. आधी दांडा मागे ओढून आत बोट घालून बघा. नुसत्या तुमच्या शब्दावर मी परत येणार नाही.

शकुंतला