निळ्या मण्यांचा स्टॉक

९ मार्च

करुणाने आज मागची खोली माझ्या ताब्यात दिली. म्हणाली, "अहो, माझं सामान आता तुमीच सांभाळा." कारखान्याच्या स्टोअरला मी एकतीस वर्षं काढली. साधा नट-बोल्ट स्लिपशिवाय बाहेर जाऊ दिला नाही. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून कुणी मला काही सांभाळायला दिलं नव्हतं!

खोली म्हणजे आठवड्याचा बाजार. तिची तोरणं, रुखवताच्या वस्तू, झालरी — सगळ्यांचं सामान एकात एक. मणी, लोकर, जरी, टिकल्या, घुंगरं. श्रीखंडाचे रिकामे डबे होते, त्यांत भरलं. ती एकेक डबा भरून नाव सांगत गेली, मी चिठ्ठी लिहून चिकटवत गेलो. बेचाळीस डबे! चहा तीनदा झाला.

११ मार्च

नियम सांगितला — स्लिप दिल्याशिवाय माल मिळणार नाही. "अगं बया!" म्हणाली आणि हसत सुटली. पण दिली स्लिप. "पांढरी लोकर, एक गुंडा. अर्जंट हाय." मी सही करून माल काढून दिला.

१२ मार्च

क्रोशाची सुई स्लिपशिवाय नेली. मी पाहिलं. तिच्या नावाची स्लिप मीच लिहून ठेवली.

१९ मार्च

जयंतीला विहाराच्या दारावर लावायचं तोरण सुरू केलंय. बावीस वर्षं तीच करते. गडद निळे आणि पांढरे मणी, लांबी नऊ फूट. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. ओवताना तिचे ओठ हलतात, मणी मोजत असते. मला तिच्याकडे बघत बसायला आवडतं. छत्तीस वर्षांत हे तिला सांगितलं नाही. वहीला सांगायला काय हरकत आहे!

२६ मार्च

आज स्टॉक तपासला. काळ्या मण्यांचा डबा भरलेला. 'गडद निळे' लिहिलेला डबा उघडला — त्यातही काळेच! काळे दुप्पट, निळे शून्य. तोरण उचलून पाहिलं. चार फूट ओवून झालंय. पांढऱ्यांच्या मध्ये सगळे काळे!

करुणाची नजर गेली. निळे समजून काळे ओवत बसलीय बिचारी, तिला पत्ताच नाही. चौदा तारखेला विहाराच्या दारावर काळं तोरण लागलं तर? लोक काय म्हणायचं ते म्हणोत. तिला कळेल तेव्हा तिचं काय होईल? हे काम म्हणजे तिचा जीव आहे.

"जेवायला येताय ना?" तिने हाक मारली. गेलो. ताटातली भाजी नुसती चिवडत बसलो. ती विचारत होती, "भाजीत मीठ कमी हाय का?"

२८ मार्च

एसटीने इंदापूरला गेलो. ती परवेजच्या दुकानातून मणी आणते. म्हटलं, गडद निळे दाखव. त्याने काळेच पुढ्यात ठेवले!

"बाबा रे, निळे पाहिजेत."

"रामभाऊ, ह्ये निळंच हाय की."

"एकतीस वर्षं माल तपासून घेतलाय मी!"

"व्हय, पर ह्ये निळंच हाय."

चांगलीच जुंपली. शेवटी त्यानेच चहा पाजला आणि म्हणाला, "एकदा वैनींना इचारा." वैनींना काय विचारायचं, कपाळ! रिकाम्या हाताने परत आलो. परवेजचीही नजर गेली की काय?

३ एप्रिल

चार रात्री नीट झोप नाही. तिला डॉक्टरकडे न्यायचं कसं? 'तुझे डोळे तपासू' म्हटलं तर खचून जाईल. शेवटी बहाणा काढला — माझा चष्मा जुना झालाय, बारामतीला दाखवून येऊ, तू चल सोबतीला, आलीच आहेस तर तुझेही तपासू. एका शब्दावर तयार! लगेच चांगली साडी काढून ठेवली. एवढा आनंद कशाचा झाला, समजलं नाही.

५ एप्रिल

बारामती. आधी तिला बसवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नजर उत्तम आहे, चष्म्याचा नंबरसुद्धा तोच. मी म्हटलं, पुन्हा नीट बघा, तिला रंग कळत नाहीत. त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. म्हणाल्या, "आता तुम्ही बसा."

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चांगला पिकलाय. गडद निळं काळं दिसणारच, म्हणाल्या.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. लाज वाटत होती, ऑपरेशनची भीतीही वाटत होती. पण खरं सांगतो — तिचे डोळे शाबूत आहेत याचाच आनंद जास्त होता. डोळे भरून आले, तर मी खिडकीबाहेर बघत बसलो. करुणाने माझा हात धरला तो घरी लासुर्ण्याला उतरेपर्यंत सोडला नाही.

८ एप्रिल

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुखलं नाही. ती बाहेर बाकावर बसून ओवत होती म्हणे. (हे दुसऱ्या दिवशी लिहिलं.)

९ एप्रिल

पट्टी काढली. निळं! अरे, किती निळं! तोरण आठ फूट झालंय, एकही मणी चुकलेला नाही. परवेजकडे जाऊन माफी मागायची आहे.

१० एप्रिल

आज विचारलंच — माझ्या डोळ्यांचं तुला कधीपासून ठाऊक होतं?

"दिवाळीपासनं. चारदा म्हणलं, डोळं दावून या. चारदा अंगावर आलात. मग म्हणलं, ह्यास्नी खोलीच देऊन बघू. माझं तुमी ऐकत न्हाय, पर स्टॉक जुळला न्हाय तर तुमाला चैन पडत न्हाय. आता मलाच आंधळी ठरवाल, ह्ये कुणाला म्हाईत!"