जीपचं छप्पर ठेवायचा गाडा

५ मार्च १९७८
निर्णय झाला. जीपचं टप काढायचं.

कारण अक्का. अक्का म्हणजे माझी आई. सगळी मंगळवार पेठ तिला अक्का म्हणते, म्हणून आम्ही पोरंही तेच म्हणत आलो. जीप घेतली तेव्हाच तिला शब्द दिलाय, दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला नेईन. मागच्या खेपेला हातकणंगल्याच्या पुढं तिला उलटी झाली. म्हणाली, डब्यात घातल्यागत वाटतंय. कारण लगेच लक्षात आलं. व्हेंटिलेशन नाही. मिलिटरीच्या लिलावातली जीप मुळात उघडीच होती. वर हे लोखंडी पत्र्याचं छप्पर मीच हौसेनं बसवून घेतलं. नटबोल्टचं आहे, काढता येतं. तेव्हाच दूरदृष्टी ठेवली होती.

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, खिडकी उघडली तर चालणार नाही का? बायकांना मूळ प्रॉब्लेम दिसत नाही.

१२ मार्च
टप उतरवलं. तालमीतली आठ पोरं बोलावली होती. अंगानं पैलवान, डोक्यानं यथातथाच. बोल्ट मी स्वतः काढले. एक निघेना, तो छिन्नीनं तोडला. पोरांनी टप उचललं आणि विचारलं, कुठं ठेवायचं?

हा प्रश्न आधी विचारायला हवा होता त्यांनी. टप हातात धरून विचारण्यात काय अर्थ? मी विचार करत होतो तेवढ्यात त्यांचे हात भरून आले आणि त्यांनी ते परड्याच्या, घरामागच्या अंगणाच्या, मधोमध टेकवलं. जीप आणि फाटक यांच्या बरोबर मध्ये. मग बादलीभर दूध पिऊन गेले.

सौ.चं म्हणणं, आता मिरच्या कुठं वाळवायच्या. चटणीचा सीझन आहे हे मान्य. पण इथं आईच्या तब्येतीचा प्रश्न आहे आणि हिला मिरच्या दिसतात.

१४ मार्च
शेजारचे दत्तोपंत भिंतीवरून डोकावले. रिटायर्ड पोस्टमास्तर. जन्मभर दुसऱ्यांच्या पाकिटांवर शिक्के मारले, स्वतःच्या छत्रीची काडी बसवता येत नाही. विचारतात, कोंबड्यांसाठी केलंत का? कारण आत कोंबड्या बसल्या होत्या.

कॉलेजच्या स्टोअरमध्ये माझी इतकी वर्षं गेली ती उगीच नाहीत. वस्तू कशी ठेवावी हे ह्या गावात माझ्याइतकं कुणाला कळत असेल असं वाटत नाही. टप जमिनीवर ठेवणं हेच चूक. त्याला गाडा पाहिजे, चाकांवरचा. उंची जीपच्या बॉडीइतकी. म्हणजे टप जीपवरून सरळ गाड्यावर सरकेल आणि एकटा माणूस एका हातानं गाडा ढकलत नेईल. अशी गोष्ट अजून कुणी केलेली ऐकिवात नाही. जीप कंपनीला कळवावं का? आधी करून दाखवू.

२४ मार्च. पौर्णिमा.
जीप निघू शकली नाही. टप आडवं आहे. तालमीतली पोरं होळीत गुंग.

अक्काला धाकट्यानं नेलं. धाकटा म्हणजे पिराजी. एस.टी.त कंडक्टर आहे, जयसिंगपूरला राहतो. वाडीच्या गाडीवर ड्यूटी होती म्हणून तिला ड्रायव्हरच्या मागं बसवून नेलं. यात त्याची कर्तबगारी काय? गाडी सरकारची, रस्ता सरकारचा. अक्का मात्र संध्याकाळी हसत आली. बसमधल्या बायका भजनं म्हणत होत्या म्हणे. मी तिला गाड्याचं ड्रॉइंग दाखवलं. तिनं ते उलटं धरलं होतं. म्हणाली, चांगलं हाय की.

२ एप्रिल
उद्यमनगरात आकाराम वेल्डरकडे गेलो. ड्रॉइंग समजावून सांगितलं. त्यानं विडी पेटवली आणि विचारलं, ह्ये ढकलणार कोण? मी म्हटलं, एकटा माणूस. तो म्हणाला, कुठला? असल्या माणसांशी वाद घालत नाही. ड्रॉइंगप्रमाणे कर म्हटलं. हो म्हणाला.

९ एप्रिल
काल पाडवा. मुहूर्तावर गाडा आला. अँगलची फ्रेम, खाली बॉलबेअरिंगची चाकं. गल्लीच्या फरशीवर लोण्यासारखा फिरला. परड्यात शिरला आणि थांबला. चाकं मातीत गेली, नुसती फ्रेम दिसत राहिली.

आकारामनं ड्रॉइंगमध्ये होतं तेच केलं, अक्षरशः तेच. स्वतःचं डोकं वापरणारी माणसं ह्या गावात राहिलेली नाहीत.

सौ.नं गाड्यावर चादर टाकून मिरच्या पसरल्या. मी काढायला लावल्या.

१६ एप्रिल
भाजीच्या हातगाडीची चार रबरी चाकं मिळवली. मोठी आहेत. त्यामुळे गाडा जीपपेक्षा उंच झाला. आता टप सरकवता येणार नाही, उचलून ठेवावं लागेल. ही सुधारणाच आहे. उंचावर गंज कमी लागतो.

दत्तोपंतांनी विचारलं, ब्रेक कुठं आहे? म्हटलं, ब्रेक चालत्या वाहनाला लागतो. हा साठवणीचा गाडा आहे. उभा राहणं हेच त्याचं काम. ते 'असं असं' म्हणत आत गेले. पोस्टात फिजिक्स शिकवत नाहीत.

२२ एप्रिल
यश. तालमीतली पोरं पुन्हा आली, पुन्हा दूध. टप गाड्यावर चढलं. इतकं शोभून दिसत होतं की चौकातल्या फोटोग्राफरला बोलावून फोटो काढून घेतला. अक्काला शेजारी उभं राहा म्हटलं, ती लाजली. सौ.ला म्हटलं, तिला भाकरी थापायच्या होत्या.

उद्या पौर्णिमा. गाडा बाजूला सारायचा, जीप काढायची आणि अक्काला राणीसारखी उघड्या जीपमधून न्यायची. पिराजीला निरोप पाठवला आहे, तुझ्या बसची गरज नाही.

२३ एप्रिल. रात्री.
फाटकाचा दोष आहे.

सविस्तर लिहितो, म्हणजे पुढं कुणी माझ्यावर ढकलायला नको. सकाळी अक्का हिरवं लुगडं नेसून, शिदोरी बांधून ओट्यावर बसली होती. मी गाड्याला एक हात लावला. गाडा हलला. म्हणजे हिशेब बरोबर होता, एकटा माणूस, एक हात. पण आमचं परडं फाटकाकडे उतरतं. हे घर बांधणाऱ्यानं बघायला हवं होतं. गाडा जो निघाला तो मी धरायच्या आत फाटकात गेला आणि दोन खांबांच्या मध्ये तिरका अडकला. पुढं जाईना, मागं येईना. जीप आत. पुढचं दार वाटणीत काकांकडे गेलंय, आम्हाला यायजायला हे एकच फाटक.

सौ.नं कपाळावर हात मारला नाही, पण मारल्यासारखी उभी राहिली. दत्तोपंत भिंतीवर होतेच.

अक्का उठली. शिदोरी सौ.च्या हातात दिली, लुगडं आवरलं आणि गाड्याखालून वाकून पलीकडं गेली. ह्या वयात. मागून सौ. गेली. पलीकडून रिक्षाचा आवाज आला. स्टँडवर पिराजीची गाडी उभी होती म्हणे. निरोप देऊनही. मला फितुरी म्हणायचं नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही.

सौ. रात्री एकटी परतली. अक्का जयसिंगपूरला पिराजीकडेच उतरली. चार दिवस राहीन म्हणाली. आणखी एक गोष्ट सौ.नं मुद्दाम सांगितली. अक्काला गाडी लागते ती लहानपणापासून, कुठलीही असो. पिराजी खिशात लिंबू ठेवतो. हातकणंगलं आलं की तिच्या हातात देतो, ती हुंगत बसते. काही होत नाही.

लिंबू. हा काय उपाय झाला?

३० एप्रिल
तालमीतली पोरं जत्रेच्या कुस्त्यांना गेली आहेत. आठवडाभर मी, सौ., दूधवाला आणि झाडूवाली शालूबाई गाड्याखालून वाकून जातो. मी ऑफिसला जाताना दत्तोपंत नेमके त्याच वेळी तुळशीला पाणी घालतात.

काल कॉलेजमध्ये साहेबांनी विचारलं, पाठीला काय झालं?

४ मे
गाडा सुटला. पोरांनी आत ढकलला तेव्हा डावा खांब पडला. पडायलाच आला होता. आता गाड्याच्या चाकांखाली धोंडे लावले आहेत. तात्पुरतं.

जीप सुरू करून बघितली. आवाज नाही. बॅटरी उतरली. वापरली नाही की उतरते, हा बॅटरीचा दोष. आधी गाड्याचं काम पूर्ण करतो. ब्रेक बसवायचा, शिवाय अक्काला जीपमध्ये चढायला एक पायरी. ड्रॉइंग केलं. सौ.ला दाखवायला गेलो तर म्हणाली, अक्कांना आणायचं काय? चार दिवस म्हणून गेल्यात.

मी म्हटलं, हवापालट होतोय तिचा. सौ. म्हणाली, जयसिंगपूरची कसली हवा?

१० मे
अक्षय्य तृतीया. घरात पुरणपोळी. अक्का नव्हती. कुणी आग्रह करून वाढलं नाही, त्यामुळे एकच खाल्ली. पचनाला बरं.

ब्रेक बसवला. लागतो. सुटत नाही.

१५ मे
सौ. दोन दिवस जयसिंगपूरला जाऊन आली. एस.टी.नं. तिनं सांगितलं, अक्का तिथं मजेत आहे. पिराजीच्या दोन खोल्या, पत्र्याचं घर, दुपारी भट्टी होते. तरी मजेत. संध्याकाळी पिराजी ड्यूटीवरून आला की ओट्यावर तिच्यापाशी बसतो, दिवसभरात बसमध्ये कोण कोण भांडलं ते सांगतो आणि ती हसते.

मी विचारलं, माझी आठवण काढते का? सौ. म्हणाली, काढत्यात की. आण्णा काय करतोय, विचारतात. मी म्हटलं, मग तू काय सांगितलंस? ती म्हणाली, गाडा.

हे सांगायची काय गरज होती?

२१ मे
पिराजी आला. खाकी कपड्यातच. पडलेल्या खांबाकडे बघितलं, धोंड्यांकडे बघितलं, काही विचारलं नाही. ही त्याची लहानपणापासूनची खोड. न बोलता माणसाला कमीपणा देतो. मी होऊन त्याला ब्रेक, पायरी, व्हेंटिलेशन, सगळं समजावलं. चहा होईपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला,

"आण्णा, उद्या पुनव हाय. अक्कानं सांगून धाडलंय. म्हणली, गाडी नगं म्हणावं. त्येला एकट्यालाच घिऊन ये."

मी सांगितलं, मी येईन तो जीप घेऊनच. जीप असलेला माणूस एस.टी.च्या रांगेत उभा राहत नाही. तो बरं म्हणाला. जाताना सौ.ला पहिल्या गाडीची वेळ सांगून गेला. मला नाही, सौ.ला.

बॅटरी चार्जिंगला टाकली होती ती आणली. रात्रीतून सुरू करतो.

२२ मे. पौर्णिमा.
जीप सुरू झाली. हे नोंदवून ठेवणं महत्त्वाचं आहे. सकाळी उत्तम सुरू झाली. फक्त गाडा हलेना, कारण ब्रेक सुटेना. धोंडे काढले, सौ.नंही जोर लावला. ब्रेक इतका मजबूत बसला आहे की आकारामला बोलवावं लागेल. जीप चालू, गाडा पुढ्यात. थोडा वेळ तशीच चालू ठेवली. मग बंद केली.

सौ.नं इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर टाकला.

स्टँडवर रांग होती. पिराजीची पहिली गाडी गेलेली, दुसरी मिळाली. जागा नव्हती. जयसिंगपूरपर्यंत उभा. एका बाईची कोंबडी पायाशी. कंडक्टर अनोळखी होता, उर्मट. 'पावणं, आत सरका' म्हणाला. मी सरकलो.

अक्का स्टँडवर शिदोरी घेऊन बाकावर बसली होती. सकाळपासून बसली असणार. मला बघून उठली. मी सांगू लागलो, जीप सुरू झाली होती, खरंच झाली होती, फक्त ब्रेक... तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, चल, गाडी लागलीया.

वाडीला घाटावर उतरताना तिनं माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला. किती हलकी झाली आहे. मागच्या खेपांना जीपजवळच थांबायचो मी, टपाला कुणी हात लावू नये म्हणून. घाट मला पूर्ण ठाऊकच नव्हता. तिनं दाखवला. वडील कुठं बसायचे, पुरात पाणी कुठवर येतं, मी लहान असताना कुठं हरवलो होतो. पायरीवर बसून भाकरी खाल्ली. मी ब्रेकविषयी बोलायला लागलो तर ती म्हणाली, खा आधी.

निघताना म्हटलं, आता घरी चल. खांब दुरुस्त करतो, पायरी केली आहे तुझ्यासाठी. तिनं शिदोरीचं फडकं झटकलं. मग म्हणाली,

"मी पिराजीकडंच बरी हाय रं. तूच येत जा की पुनवंला."

जयसिंगपूरला ती उतरली. पिराजी न्यायला आला होता. मी खिडकीतून त्याला विचारलं, पुढच्या पौर्णिमेला सकाळच्या गाडीत माझ्यासाठी एक जागा धरून ठेवशील का? तो म्हणाला, जागा धरता येत नाही, आण्णा. लवकर येऊन रांगेत उभं राहायचं.

घरी आलो तर दत्तोपंत फाटकापाशी. विचारलं, गेला होतात कुठं? वाडीला म्हटलं. कशानं, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.