आमच्या बाजूने सगळं क्लिअर

४ मार्च, सोमवार

साहेबांना साक्षात्कार झाला. लॅब नव्या इमारतीत जाणार, पण रक्त तपासणारी मशिनं जुन्याच इमारतीत राहणार. "आणि त्यांना काही कळता कामा नये!" म्हणाले. त्यांना म्हणजे मशिनांना.

या वेळी साहेबांचं चुकलेलं नाही, हे दुर्मिळ. मशिनं म्हातारी. बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. सर्व्हरचा पत्ता त्यांच्या डोक्यात असा खिळलाय की बदलता येत नाही. सर्व्हर जाणार शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मशिनांना वाटत राहिलं पाहिजे की तो शेजारच्याच खोलीत आहे.

"एक लांब वायर टाकू," साहेब.

अर्ध्या शहरातून! मी म्हटलं, वायर आपण टाकत नाही, ती टेलिकॉमवाल्यांची असते. दोन्ही इमारतींतले आपले राउटर त्यांच्या जाळ्यातून जोडायचे आणि आपले व्हीलॅन, म्हणजे जाळ्यातले वेगवेगळे कप्पे, जसेच्या तसे पलीकडे न्यायचे.

"व्हिलन? सिनेमातला?" स्वतःच खो खो हसले. मीही हसले. पगार त्याचाच मिळतो.

६ मार्च, बुधवार

काम कुणाला मिळालं? नणंदेच्या टेलिकॉम कंपनीला. तिथे ते कुणाच्या गळ्यात पडलं? नणंदेच्याच! एका घरात राहतो आम्ही – ती, मी, नवरा, सासूबाई आणि एकुलतं एक बाथरूम.

आज पहिला कॉन्फरन्स कॉल. नणंदबाई म्हणतात, "कस्टमर साइडच्या मॅडमनी आपले व्हीलॅन नंबर मेल करावेत." कस्टमर साइडच्या मॅडमनी सकाळी हिचा डबा भरून दिला होता!

संध्याकाळी ओट्यापाशी सहज विचारलं, "अगं, तुमच्याकडचा राउटर नवा आहे ना?" तर म्हणे, "वहिनी, ऑफिसचं ऑफिसमध्ये. टिकट टाक."

टिकट! म्हणजे रीतसर तक्रार नोंदव. हातात लाटणं असतं तर टाकलं असतं.

७ मार्च, गुरुवार

सासूबाईंनी विचारलं, तुम्ही दोघी नक्की करताय काय? समजावलं. आमची माहितीची पाकिटं असतात, त्यांवर आमचा शिक्का – मशिनांचा वेगळा, काउंटरचा वेगळा, म्हणजे एकमेकांत मिसळत नाहीत. पण तिच्या कंपनीत आमच्यासारखी ढीगभर गिऱ्हाइकं, आणि सगळ्यांचे शिक्के सारखेच. म्हणून ती आमच्या पाकिटावर वरून आपला आणखी एक शिक्का मारते. पलीकडे पोचलं की तो काढून टाकते.

"म्हणजे टपालच की," सासूबाई म्हणाल्या. "मग त्यात भांडायला काय आहे?"



१० मार्च, रविवार

जोडलं! लॅबला सुट्टी, म्हणून आजच. मी जुन्या इमारतीत, ती नव्यात. फोनवर फक्त कामाचं. "पाठवतेय." "आलं." "पुन्हा." "आलं." इकडून पिंग, तिकडून उत्तर. खरं सांगायचं तर हात बरा आहे तिचा. तिला नाही सांगणार.

साहेब सहकुटुंब आले. रॅकपाशी उभं राहून फोटो काढून घेतला, एका स्विचकडे बोट दाखवत. तो स्विच बंद आहे. दोन वर्षं.

११ मार्च, सोमवार

बोंबला!

मशीन 'मी जागी आहे' म्हणतं, ते सर्व्हरला पोचतं. साखरेचा एका ओळीचा रिपोर्ट पोचतो. लांबलचक, आलेखांसकट असलेला रिपोर्ट निघतो आणि वाटेत गडप! ना चूक दाखवतं, ना परत येतं.

साहेब म्हणतात, "काल तर चालत होतं. फोटो आहे माझ्याकडे."

टेलिकॉमला फोन लावला. उचलला कुणी? "आमच्या बाजूने सगळं क्लिअर आहे मॅडम. पिंग जातोय."

पिंग जातोय! पेशंटला काय पिंग देऊ?

तोवर तोड निघाली. रिपोर्ट पेन ड्राइव्हवर घ्यायचे आणि साहेबांच्या ड्रायव्हरने नव्या इमारतीत नेऊन द्यायचे. एवढी यंत्रणा, एवढे राउटर – आणि शेवटी जाळं म्हणजे साहेबांची गाडी.

१२ मार्च, मंगळवार

घरात कर्फ्यू. ती तिच्या खोलीत, मी माझ्या. नवरा मधल्या खोलीत टीव्ही बघतो, आवाज बंद करून. "मी कुणाच्याच बाजूने नाही," म्हणाला. माहितेय. लग्नापासून माहितेय.

१४ मार्च, गुरुवार

सापडलं! सकाळपासून एकच उद्योग – पाकिटं पाठवायची, दरवेळी थोडं मोठं. चौदाशे शहाण्णव बाइटचं गेलं. चौदाशे सत्त्याण्णवचं गेलं नाही. पंधराशेचं जायला हवं. चार बाइट कमी पडतात. आणि त्यांचा तो वरचा शिक्का केवढा असतो? चारच बाइट! म्हणजे त्यांच्या जाळ्यात कुठला तरी राउटर आहे, त्याची मर्यादा कुणी वाढवलेलीच नाही. शिक्का बसला की पाकीट जाड होतं, त्याच्या दारातून शिरत नाही, आणि तो ते मुकाट फेकून देतो.

मेल केला. त्यांच्या झाडून सगळ्यांना कॉपी. होऊन जाऊ दे!

उत्तर आलं ते त्यांच्या मोठ्या साहेबांचं. (ह्यांना मी टायवाले म्हणते. टाय बोलतो, माणूस मागून मान हलवतो.) "कृपया आपल्या राउटरची मांडणी तपासावी." नाचता येईना, अंगण वाकडं – आणि अंगण कोण, तर मी!

जेवताना नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, सगळ्यांना कॉपी टाकायची काय गरज होती?"

"मग काय टिकट टाकायचं होतं?"

ताट तसंच टाकून उठली. मी भात संपवला. चव नव्हती, पण संपवला.

१५ मार्च, शुक्रवार

गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. डिकीत – नाही, ड्रायव्हरच्या खिशात – एका बाईंचा लांबलचक रिपोर्ट होता, पोटॅशियम त्यातच. दवाखान्यात वाट बघून शेवटी डॉक्टरांनी अंदाजावर औषध सुरू केलं. बाई वाचल्या. थोडक्यात.

रिपोर्ट पोचलेला नाही हे मशिनावरच्या मुलीच्या लक्षात आलं असतं तर तिने फोन केला असता. पण मशिनावर तो 'पाठवला' असंच दिसत होतं.

दवाखान्याने जाब विचारलाय. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "मंगळवारच्या मीटिंगमध्ये मला एक नाव द्यावं लागेल," म्हणाले. माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. कॅलेंडरचं नाव नक्कीच देणार नाहीत.

१७ मार्च, रविवार

त्या बाई डोळ्यांपुढून हलत नाहीत. कधी पाहिलेलंही नाही त्यांना.

आज थट्टा सुचत नाही.

१९ मार्च, मंगळवार

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

लांबलचक टेबल. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ते, टोकाला दवाखान्याचे दोन डॉक्टर. टायवाल्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. सगळी हिरवी. हिरवंगार कुरणच! शेवटी म्हणाले, "आमच्या बाजूने सगळं क्लिअर आहे. कस्टमरच्या राउटरच्या मांडणीत दोष दिसतो." आणि आमचे साहेब? मान हलवत होते! मला वाटलं, ऐकतायत म्हणून हलवत असतील. छे. पटून हलवत होते.

मी माझे कागद काढले. घाईत ते खाली पडले. वाकून गोळा करत होते तेव्हा वरून आवाज आला.

"सर, दोष आपलाच आहे."

नणंद.

"मधल्या एक्सचेंजमधला राउटर जुना आहे. त्याची मर्यादा वाढवायची राहिली. मला मागच्या आठवड्यात, सोमवारीच दिसलं. मी तुम्हाला सांगितलं होतं."

टायवाले हसले. "हे आपण बाहेर बोलू."

"बाहेर बोललो होतो सर. तुम्ही म्हणालात, आत्ता कबूल केलं तर करार जाईल, पुढच्या आठवड्यात गुपचूप बदलू." तिने लॅपटॉप पुढे ओढला. "वहिनीने मोजलेलं बरोबर आहे. चार बाइट. आत्ता सांगितलंत तर मी इथे बसून बदलते."

मग एक डॉक्टर म्हणाले, "वहिनी?"

मी अजून टेबलाखालीच होते.

तिने तिथेच लॅपटॉप उघडला आणि बदललं. चहा यायच्या आत. जुन्या इमारतीतून अडकलेला रिपोर्ट पाठवायला सांगितला – सर्रकन आला, आलेखांसकट. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

२० मार्च, बुधवार

तिला विचारलं, "मला घरी का नाही सांगितलंस?"

"नोकरी जाईल असं बजावलं होतं गं. रोज सांगावंसं वाटायचं. तुझ्या मेलनंतर तर तुझ्या दारापर्यंत आले होते. तू दादाला माझी नक्कल करून दाखवत होतीस."

करत होते. चांगली करते मी तिची नक्कल.

२२ मार्च, शुक्रवार

तिला काढलं. कारण काय दिलं – विभागाची पुनर्रचना! एकाच माणसाची पुनर्रचना. कुंडी आणि एक मग घेऊन घरी आली. सासूबाईंनी कुंडी खिडकीत ठेवली.

आमच्याकडे काय? साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या टीमने दोष शोधून काढला." आणि मला वेगळं बोलावून लेखी समज दिली – नणंद पलीकडे आहे, हे आधी का कळवलं नाही म्हणून. आता बढती विसरा, म्हणाले. गाढवाला गुळाची चव काय! पण गूळ मी होते, आणि गाढवाने तो पायाखाली तुडवला.

२५ मार्च, सोमवार

तिला कुठूनच बोलावणं येत नाही. टायवाल्यांनी गावभर फोन फिरवले असणार. 'सगळ्यांना बरोबर घेऊन चालणारी नाही,' वगैरे.

संध्याकाळी गॅलरीत बसलो दोघी. मी म्हटलं, "तू बोलली नसतीस तर माझं नाव गेलं असतं. कसे उपकार फेडू?"

"टिकट टाक," म्हणाली.

पोट धरधरून हसलो. आतून नवरा ओरडला, काय झालं? काही नाही म्हटलं. सहा वर्षं एका घरात काढली, आणि ही एवढी हसते हे मला माहीतच नव्हतं.

२८ मार्च, गुरुवार

टायवाल्यांचा फोन आला. तिची जागा भरायचीय. माझं काम त्यांना 'फार आवडलं'. पद वरचं, सोमवारपासून या.

विचार करून सांगते, असं म्हणायचं होतं. मी हो म्हटलं.

जेवताना तिने माझ्या पानात भात वाढला. "कुणाचा फोन होता गं वहिनी, एवढा वेळ?"

"राँग नंबर," मी म्हटलं.