उजेड वाहिला

तीर्थरूप बाबा,

आज नमस्कार नाचत नाचतच करते, रागावू नका.

स्फटिकाच्या, केसाहूनही पातळ अशा थरात लेझरचा उजेड आणि इलेक्ट्रॉन एकजीव झाले, की ते मिश्रण पाण्यासारखं वाहायला हवं. दोन वर्षं हटून बसलं होतं. आज वाहिलं! वाटेतल्या कणाला वळसा घालून, एक तरंगही न उठवता पुढे गेलं. एरवी हूं की चूं न करणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम ओरडल्या, "पुन्हा दाखव!" चारदा दाखवलं.

खोकला गेलाय. जेवणही वेळेवर होतं, म्हणजे बहुतेकदा. आईचा गुडघा कसा आहे? तिला न विचारता खरं ते कळवा.

एक लपवलं होतं. हरून परत यायचं म्हणून गेल्या महिन्यात बॅग भरली होती. आत्ताच सगळे कपडे पुन्हा कपाटात लावले.

तुमचीच,
चिमणी