ताथवड्याच्या फ्लॅटमधला फितूर

आदरणीय बुद्धरत्नदादा यांस,
ताथवड्याहून साहेबरावचा सप्रेम जयभीम.

तुमची पाठदुखी आता कशी आहे? दिघीला पाणी वेळेवर येतं ना? इकडे मी आणि अंजली खुशाल आहोत (म्हणजे आपापले, तुमची बहीण माझ्याशी बोलत नाही). फोन केला नाही, कारण कोण कुठून ऐकत असेल याचा मला आता भरवसा राहिलेला नाही. विषय तुमच्या आईंचा आहे. त्या रुसून तुमच्याकडे का आल्या हे त्यांनी सांगितलंच असेल. आता जावयाची बाजू वाचावी.

आमच्या खिडकीसमोरच बी विंग, इतकी जवळ की तिथल्या उद्धवरावांच्या कुकरची शिट्टी झाली की अंजली आमचा गॅस बंद करते. मला उजेड हवा होता, उद्धवराव नको होते, एवढीच मागणी. आधी अंजलीची जुनी पांढरी साडी लावली. उजेड आला, पण बाहेरून आमच्या सावल्या दिसायच्या (सावलीत माझं पोट उगाच मोठं दिसतं). मग खळ करून बटर पेपर चिकटवला, तर खळ झुरळांनी खाल्ली. शेवटी ऑनलाइन चंदेरी फिल्म मागवली. बाहेरून आरसा, आतून लख्ख. साबणाच्या पाण्यानं मीच ती काचेवर बसवली (बुडबुडे राहिलेत, ते नक्षी समजावेत). मी चाकणच्या कंपनीत तपासणी खात्यातला माणूस, पाहिल्याशिवाय पास करत नाही. रविवारी भर दुपारी आईंना हातात झारा देऊन खिडकीत उभं केलं आणि खाली जाऊन पाहिलं. ना आई, ना झारा. नुसतं आभाळ आणि स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडणारं एक कबुतर. माल पास!

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये उद्धवराव म्हणाले, "काय राव, डॉक्टरांनी गोड बंद केलंय ना? मग काल गुलाबजाम?" मी गारच पडलो. ते मी रात्री जेवणानंतर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खाल्ले होते. पुढं मोबाइलवर बघून संध्याकाळी पोटाचा व्यायाम सुरू केला, तर गेटवरचा वॉचमन सनी म्हणतो, "साहेब, पाय अजून वर घ्या." काच तर मी स्वतः पास केलेली. म्हणजे फितूर घरातच. अंजली ऑफिसातून येते ती दमून, तिला बोलायला सवड नाही. राहिल्या आई. त्या रोज खाली बाकावर उद्धवरावांच्या रुक्मिणीबाईंशेजारी बसतात.

मग मी सापळा लावला. आईंना एकट्यांना गाठून हळूच सांगितलं की मी गाडी विकतोय (खोटंच). आठवडाभर वाट पाहिली, पण गाडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तिथंच माझा संशय पक्का झाला. साधा माणूस बोलून गेला असता, यांनी सापळा ओळखला! म्हणून मी जेवताना एवढंच म्हणालो की, घरातलं बाहेर कोण नेतं ते मला कळलंय. आईंनी हात धुतला, पिशवी भरली आणि रिक्षा केली. निर्दोष माणूस इतक्या चटकन पिशवी भरतो का? तरी दादा, मायेनं विचारून त्यांच्याकडून कबुली घ्यावी, ही विनंती.

आपला,
साहेबराव

ता.क. शेजारचा रणजीत दिघीला निघालाय, त्याच्याकडे हे पत्र द्यायला दिवेलागणीनंतर खाली उतरलो आणि सहज वर पाहिलं. दादा, आमचं घर कापडदुकानाच्या शोकेससारखं झगमगत होतं. आत दिवा लागला की या फिल्मचं काम उलटं होतं, आतलं सगळं जगाला दिसतं. मी तपासणी केली ती फक्त दिवसपाळीत. अंजली ताटं मांडत होती. सवयीनं तीन मांडली, तिसऱ्याकडे बघत थांबली, मग ते उचलून ठेवलं आणि ओढणीनं डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं.

ता.क. दुसरा. वरचा सगळा मजकूर फाडून टाकावा आणि आईंना फक्त पुढचं वाचून दाखवावं: आई, चूक माझी, तुमची नाही. रविवारी न्यायला येतो. नाही म्हणालात तर दादांच्या जिन्यात बसून राहीन.

ता.क. तिसरा. रणजीतला थांबवून हे खिडकीशी बसून लिहीत होतो, तेवढ्यात समोरून उद्धवरावांचा फोन आला: "साहेबराव, रडू नका राव. घेऊन या त्यांना माघारी."