एका पुरवणी प्रश्नानंतर

७ डिसेंबर, बुधवार. नागपूर, आमदार निवास

आज दोन प्रश्न लागले. सेलूला शिकायला जाणाऱ्या मुलींसाठी संध्याकाळची एस.टी. : "बाब विचाराधीन आहे." नालवाडीचं पाणी : "अंशतः खरे आहे." कोणता अंश खरा, हे विचारायला उठलो तर अध्यक्ष पुढच्या प्रश्नावर गेले होते.

उद्या सावळधऱ्याचा. यादीत वर आहे, म्हणजे पुकारला जाणार. आंजीच्या पलीकडचं गाव. आरोग्य उपकेंद्राची इमारत आहे, नर्सची नेमणूक आहे, दाराला कुलूप. पावसाळ्यात एक बाई अडली. बैलगाडीत घालून आंजीकडे नेताना वाटेतच बाळंत झाली. ती वाचली, मूल गेलं. सरपंच गुलाबराव हे सांगायला घरी आले होते. सांगता सांगता थांबले, टोपी काढली, तिच्या आत बघितलं, पुन्हा घातली. त्याच दिवशी प्रश्न लिहिला.

प्रश्नाखाली सही करताना सदस्य माहितीच्या खरेपणाची जबाबदारी घेतो. इतर वेळी मी दहादा विचार करतो. या वेळी केला नाही. सहीआधी कुलूप स्वतः जाऊन पाहिलं होतं.

८ डिसेंबर, गुरुवार

झालं. आणि चांगलं झालं, असं सगळे म्हणतात.

आरोग्यमंत्र्यांनी नेहमीप्रमाणे फाइलमधून वाचलं : पद भरलेलं आहे, परिचारिकेनं नेमणुकीच्या गावी राहणं बंधनकारक आहे. मी पुरवणी विचारली, मग कुलूप का? "माहिती घेऊन सांगतो." आमचे बाक ओरडायला लागले. मला गाडीतली ती बाई दिसत होती. पुन्हा उठलो. "जबाबदार कोण आणि त्या व्यक्तीवर काय कारवाई करणार, ते आत्ता सांगा!" माझा आवाज इतका चढलेला मी क्वचित ऐकला आहे. अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी आली. मंत्र्यांनी चष्मा लावून वाचली. "संबंधित परिचारिका श्रीमती मेश्राम यांना निलंबित करण्यात येत आहे."

बाकं वाजली. मीही वाजवलं.

शेजारच्या बाकावरचे दादासाहेब, चौथ्यांदा निवडून आलेले, माझ्या कानाशी म्हणाले, "नाव काढलंस रे! एरवी 'चौकशी करू' यावर बोळवण करतात. इतक्या वर्षांत मला जमलं नाही."

जेवताना बाकीच्यांनी पाठ थोपटली. गुलाबजाम मागवले गेले. खाल्ले.

११ डिसेंबर, रविवार. वर्धा

सकाळी सावळधऱ्याला गेलो. हार, नारळ, शाळेच्या ओट्यावर सतरंजी. गुलाबरावांचं भाषण : "आपल्या आमदारसायबानं मंत्र्याले उभ्या उभ्या घाम फोडला!" सभा संपल्यावर त्यांच्या ओसरीत चहा. मी सहज विचारलं, ही बाई राहत कुठे होती?

"राह्यत कुठी होती? इथंच. माह्या वाड्याच्या मांगं खोली होती तिची."

"मग कुलूप?"

"मंग काय करीन ते? आंजीचा डॉक्टर तिले जीपमंधी टाकून घेऊन जाये. ऑपरेशनच्या केसेस आणाले. आज या शिबिरात, उद्या त्या शिबिरात. पंधरा पंधरा दिवस गावाचं तोंड नाई दिसे तिले. बाई चांगली होती हो."

"गुलाबराव, हे तुम्ही मला तेव्हा सांगितलं नाहीत."

"तुमी विचारलं कुठी? म्या म्हटलं केंद्र बंद राह्यते. तुमी लगेच कागद काढला."

चहा तसाच राहिला. गाडीच्या दाराला गळ्यातला हार अडकला तेव्हा कळलं की तो अजून काढलेला नाही.

आणीबाणी जाऊन इतकी वर्षं झाली, पण नसबंदीच्या केसेसचं उद्दिष्ट गेलं नाही. हे मला माहीत होतं. त्यावर भाषण केलं आहे मी. दोन गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी होत्या, एकत्र आल्या नाहीत.

१२ डिसेंबर, सोमवार

नागपूरची सकाळची गाडी सोडली. मेश्रामबाई स्वतःच घरी आल्या. चाळिशीच्या आत-बाहेर, इस्त्रीचं पातळ, हातात निलंबनाचा हुकूम. यजमान नाहीत, सासू आणि दोन मुली सेलूला. मी रडारडीची तयारी ठेवली होती. त्या रडल्या नाहीत.

"सायेब, एकच विचारायले आली. माह्यं नाव तुमी घेतलं का?"

"नाही. मंत्र्यांनी घेतलं."

"पण मागतलं तुमी."

होय म्हणालो.

डॉक्टरांनी लेखी हुकूम दिला होता का, विचारलं. "लेखी कोण देते, सायेब? जीप दारात उभी राह्यते. हॉर्न वाजवते. नाई गेली त पगारवाढ थांबवीन म्हणते." ती बाई अडली तेव्हा मेश्रामबाई सेलूच्या शिबिरात होत्या. "मले आठ दिवसांनं कळलं. तिचं नाव मीच लिवलं होतं बाळंतपणाच्या यादीत. तारीखबी सांगून ठेवली होती डॉक्टरले, का या हप्त्यात मले सोडा म्हणून."

बायकोनं, कुसुमनं, चहा दिला. बाईंनी कप धुऊन ठेवला तेव्हा कुसुम त्यांना रागावली. "अहो बाई, हे काय? ठेवा तो खाली." दोघी थोडा वेळ आत बोलत बसल्या. मी बाहेर वर्तमानपत्र उघडलं. त्यात माझा फोटो होता.

१४ डिसेंबर, बुधवार. नागपूर

आरोग्यमंत्र्यांच्या दालनात. माणूस वाईट नाही. सगळं ऐकून घेतलं, मधे घड्याळ बघितलं नाही.

"तुमचं खरं असेल. पण मी सभागृहात बोललो आहे. आता शब्द फिरवायचा तर खात्यानं मला खोटी चिठ्ठी दिली, असं म्हणावं लागेल."

"मग म्हणा."

हसले. "तुम्ही ओरडत होता, तुमचे तीस लोक ओरडत होते. नाव हातात आलं, मी वाचलं. तुम्ही माझ्या जागी असता तर?"

मी असतो तर? वाचलं असतं. बहुतेक.

मग त्यांनी आवाज खाली आणला. अधिवेशन उरकू द्या. बाईंना कामावर घेऊ, चंद्रपूरच्या जंगलाकडे कुठेतरी. गाजावाजा नको. तुम्हीही पुन्हा विषय काढू नका.

"लेखी द्याल?"

"आमदारसाहेब, शब्द देतोय ना."

डॉक्टरांचं काय, विचारलं. त्यांची उद्दिष्टपूर्ती जिल्ह्यात सगळ्यांत चांगली आहे म्हणे.

१५ डिसेंबर, गुरुवार

दादासाहेबांचा सल्ला घेतला. नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ. वाट एकच : उत्तरातून निघालेली अर्ध्या तासाची चर्चा. नोटीस द्यायची, अध्यक्षांनी मान्य केली तर दिवसाच्या शेवटी बोलायचं.

"पण बोलणार काय? कागद आहे?"

"नाही. बाईंचा शब्द, सरपंचांचा शब्द."

"सरपंच उभा राहील?"

गुलाबरावांना ट्रंक कॉल लावला. घरघर, मग त्यांचा आवाज. "सायेब, डॉक्टरशी रोजचं काम पडते गावाले. माह्यं नाव नका घेऊ. बाकी तुमी सांगान तसं." मी रागावलो नाही. रागवायचा हक्क मला आहे का, हा प्रश्नच आहे.

दादासाहेब खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "लेका, जिंकलेला प्रश्न कोणी पुन्हा उघडतं का? गावात म्हणतील, बाईकडून काही घेतलं यानं."

१८ डिसेंबर, रविवार. सेलू

बाईंच्या घरी. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पेटलेली उदबत्ती. सासू ऐकायला कमी येणारी, पण माझ्याकडे बघण्यात काही कमी नव्हतं. मंत्र्यांचा निरोप सांगितला. चर्चेचंही सांगितलं.

"नका," बाई म्हणाल्या. "एक प्रश्न विचारला त हे झालं. दुसरा विचारसान त काय होईन? चंद्रपूर त चंद्रपूर. जाईन मी."

"मंत्र्यांनी तोंडी सांगितलंय."

"डॉक्टरबी तोंडीच सांगे." मग हसल्या. पहिल्यांदाच.

सासू मोठ्यानं म्हणाली, "काऊन हसून राह्यली व?"

मी स्पष्ट विचारलं : मी गप्प बसलो आणि शब्द पाळला गेला नाही तर तुमची नोकरी गेली. मी बोललो आणि मंत्री चिडले तरी गेली. तुमचं काय म्हणणं? म्हणाल्या, विचार करून सांगते.

परतताना गाडीत मनाशी : मला हे बोलायचं आहे ते बाईंसाठी, की माझी झोप परत मिळावी म्हणून? घरी आल्यावर कुसुमला विचारलं. म्हणाली, "दोन्हीसाठी असेल. त्यांचं आधी विचारा म्हणजे झालं."

१९ डिसेंबर, सोमवार. नागपूर

नोटीस दिली. मागे घेता येते, असं स्वतःला सांगून दिली. सही करताना या वेळी पेन बराच वेळ कागदावर टेकून ठेवलं होतं. शाईचा ठिपका पडला.

२० डिसेंबर, मंगळवार

मान्य. गुरुवारी, कामकाजाच्या शेवटी. मंत्र्यांच्या स्वीय सहायकाचा निरोप : साहेबांना वाईट वाटलं. अजूनही वेळ आहे म्हणतात.

२१ डिसेंबर, बुधवार

मेश्रामबाई आमदार निवासात आल्या. एस.टी.नं, एकट्या. खाली व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत बोलल्या, वर यायला नको म्हणाल्या.

"बोला तुमी. माह्यं नावबी घ्या, आता काय लपून राह्यलं? पण पुरं सांगजा."

"पुरं म्हणजे?"

"डॉक्टरचं सांगान. जीपचं सांगान. आन् तुमचं?"

"माझं काय?"

"का मले न विचारता, गावाले न विचारता, तुमी नाव मागतलं. थे बी सांगा. नाई त पुन्हा मीच एकटी खोटी ठरीन. म्हणतीन, बाईनं आमदाराले फितवलं."

बरोबर आहे. हे वाक्य माझ्या टाचणात नव्हतं. चुकून राहिलेलं नव्हतं.

मग म्हणाल्या, "मले पास द्या वरच्या गॅलरीचा. मागच्या टायमाले माह्यं नाव घेतलं तवा मी नव्हती तिथं."

पास दिला. दादासाहेबांना टाचण दाखवलं. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "हे कामकाजात छापून येईल. पुढच्या निवडणुकीत तुझ्याविरुद्ध वाचतील भर सभेत." आणि कागद परत देताना : "आमच्या पक्षातले आधी वाचतील."

मी म्हणालो, वाचू देत. म्हणालो खरं. संध्याकाळी ते वाक्य शेवटून मधे आणलं, पुन्हा शेवटी नेलं.

२२ डिसेंबर, गुरुवार. सभागृहात, बाकावर

कामकाजपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितो आहे. वहीत नंतर उतरवीन.

एका विधेयकावरचं मतदान चाललं आहे. त्यानंतर मी. निम्मे बाक रिकामे, लोक गाडीच्या वेळा बघतायत. मंत्री जागेवर आहेत. मघाशी समोरून जाताना माझ्या बाकाशी थांबले, "माझा शब्द अजून कायम आहे हं," म्हणाले, खांद्यावर हात ठेवला. त्या हातात दमदाटी नव्हती. खरंच मदत करायची असेल त्यांना. उभं राहून "चर्चा उपस्थित करत नाही" एवढंच म्हटलं, तर बाई कदाचित महिन्याभरात कामावर असतील. कुठल्या तरी जंगलात, पण कामावर. आणि सावळधऱ्याच्या दारात जीप हॉर्न वाजवीत राहील. दुसरी कोणी नर्स असेल.

बोललो तर? माहीत नाही. खरंच माहीत नाही.

मेश्रामबाई वर दुसऱ्या रांगेत. शेजारी कुसुम आहे, ती येणार आहे हे मला सांगितलं नव्हतं. बाई खाली वाकून बघतायत, तसं बघू नका म्हणून शिपाई खुणावतो आहे. त्या मागे सरकतात, पुन्हा वाकतात.

ते वाक्य आत्ता सगळ्यांत वर लिहिलं. 'अध्यक्ष महाराज, प्रथम माझ्याच चुकीबद्दल.' त्याच्या खाली बाकीचं.

मतदान झालं. अध्यक्ष पत्रिका उलटतायत. माझं नाव पुकारलं. उठतो.